नऊ रंगांचं दुपटं आणि बाकीचा बाळंतविडा : नोंदी

१४ सप्टेंबर २०२५

काल ताईचा नाशिकहून फोन. भाचीला डॉक्टरांनी डिसेंबरची दहा-बारा तारीख दिलीये, बाळंतपण माहेरीच होणार, मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आली, "बाळंतविड्यातलं लोकरीचं सगळं तुझ्याकडे हं." मला तेच ऐकायचं होतं. घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणून झालेत, मुलगा म्हणतो डोंबिवलीत स्वेटर घालून मी कुठे जाऊ, नवरा एकच घालतो आणि तोही एसी डब्यात रात्रीचा प्रवास असला तरच. बाळ म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक, त्यात नाशिकची थंडी, आणि नको म्हणायची त्याची टाप नाही.

यादी केली. दुपटं एक, टोपरी दोन, मोज्यांचे तीन जोड, आणि पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं. कुंची आई शिवणार आहे खणाची, त्यात मी पडत नाही. लंगोट, झबली वगैरे सुती सगळं ताई बघेल.

आईला फोन केला तर ती लगेच, "जन्माआधी सगळं पुरं करून ठेवू नये गं." आईचं वय अठ्ठ्याहत्तर, वाद घालण्यात अर्थ नाही. शेवटी तडजोड झाली, दुपट्याची कड बाळ आल्यावर घालायची. खरं सांगायचं तर मला पटलंच ते, कारण कड हा प्रकार मला नेहमीच कंटाळवाणा वाटतो आणि पुढे ढकलायला घरच्या वडीलधाऱ्यांचं कारण मिळालं.

१७ सप्टेंबर

लोकर आणायला दादरला. दुकानदार काकांनी सवयीने विचारलं, मुलगा की मुलगी, आणि हात आधीच बेबी पिंक आणि बेबी ब्लूच्या खणाकडे गेलेला. म्हटलं काका, मला कसं कळणार, १९९४ पासून कायदाच आहे, सोनोग्राफीत कोणी सांगत नाही. आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ सालीच स्वतःचा कायदा केला होता. काका हसले, म्हणाले मग क्रीम कलर घ्या. सगळे क्रीम, लेमन आणि फिकट पिस्ता नेतात म्हणे.

मला त्या फिकट रंगांचा मनापासून राग आहे. परदेशात लोक आधीच माहीत करून घेतात आणि गुलाबी नाहीतर निळं विणत बसतात. आपल्याला माहीतच नसतं तर सगळे रंग मोकळे नाहीत का? पण आपण काय करतो, भिऊन क्रीम विणतो.

तर माझं ठरलं, दुपटं नवरात्रीच्या नऊ रंगांचं. रोज त्या दिवसाच्या रंगाचा एक चौकोन, नऊ चौकोन, तीन बाय तीन. यंदाची यादी: पांढरा, लाल, गडद निळा, पिवळा, हिरवा, राखाडी, केशरी, मोरपंखी, गुलाबी. पहिले सात वाराप्रमाणे ठरतात, सोमवार पांढरा, मंगळवार लाल असे, त्यामुळे ज्या वाराला घट बसतात तिथून सुरुवात. यंदा सोमवार, म्हणून पांढऱ्यापासून.

सात रंग ॲक्रिलिक बेबी वूलमध्ये मिळाले. पांढरं ॲक्रिलिक मला निळसर चमकणारं वाटलं, शर्टाला नीळ जास्त झाल्यासारखं, आणि लाल हवा तसा कुंकवासारखा नव्हताच. म्हणून ते दोन दुसरीकडून खऱ्या लोकरीचे घेतले, बिनलेबलच्या लड्या. इथे मी शहाणपणा केला असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

हिशोब असा. सुया आठ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटर, १० सेंटिमीटरला माझे २२ टाके बसतात, म्हणून २० सेंटिमीटरला ४४. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलटच. सुलट-सुलट विणीचं एक बरं असतं, जेवढे टाके तेवढ्या वरच्या धारा झाल्या की चौकोन आपोआप चौरस होतो, आणि एक धार म्हणजे दोन सुया. तर ४४ गुणिले ८८, ३८७२ टाके. माझा स्पीड मिनिटाला पंचवीस ते तीस, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास.

आणि डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन येऊन मला तेवढाच वेळ लागतो! हे गणित जुळलं तेव्हा मी एकटीच हसले.

अट एकच, सीट मिळाली पाहिजे. म्हणून डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल, वीस मिनिटं आधी स्टेशनवर. सुया सर्क्युलर घेतल्यात, वायरीने जोडलेल्या आखूड, सरळ लांब सुया लोकलमध्ये चालतच नाहीत, शेजारणीच्या बरगडीत जातात. आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या एकीची आई म्हणे ऐंशीच्या दशकात कल्याणहून याच डब्यात स्वेटर विणत जायची, तेव्हा अर्धा डबा विणत असायचा आणि टाके चुकले की समोरची अनोळखी बाई हातातून घेऊन नीट करून द्यायची. आता अर्धा डबा मोबाईलवर आणि उरलेला झोपलेला.

पण आज सगळा डबा पांढरा! पांढरे कुर्ते, पांढऱ्या साड्या, एकीचं तर मोजेसुद्धा पांढरे. मी मध्ये पांढरा चौकोन विणत बसलेली. ठाण्याला फोटो काढले गेले त्यात माझा चौकोन पुढे धरायला लावला.

२६ सप्टेंबर

पाच झाले. लाल, निळा, पिवळा, आज हिरवा. निळ्याच्या दिवशी मुलुंडपर्यंत उभी होते त्यामुळे अर्धा घरी येऊन जेवणानंतर केला.

आता डब्यातल्या बायकांना चौकोन पाठ झालाय. सकाळी चढले की विचारतात, कुठपर्यंत आला. एक कॉलेजची मुलगी तीन दिवस नुसती बघत होती, आज म्हणाली काकू मला चार टाके घालू द्या ना. दिली. आठ टाके घातले तिने, फार घट्ट, सुई आत शिरेना, तिसऱ्या टाक्याला श्वास रोखून बसली होती. मी ते उसवणार नाहीये. हिरव्या चौकोनात खालून एकोणिसाव्या धारेला आठ टाके आवळलेले दिसतात, ज्याला माहीत आहे त्यालाच.

उकाडा मात्र भयंकर. लोकरीचा चौकोन मांडीवर, घामाने बोटं चिकट, सुईवर टाके सरकत नाहीत. पर्समध्ये टाल्कमची छोटी डबी ठेवलीये, बोटांना लावते. बेस्ट उपाय.

१ ऑक्टोबर

नऊ पूर्ण. यंदा नवरात्र दहा दिवसांचं होतं, त्यामुळे आज एक दिवस मोकळा मिळाला. राखाडी शनिवारी आणि केशरी रविवारी घरी टीव्हीसमोर झाले, त्यात लोकलची मजा नाही. सगळे जमिनीवर मांडून बघितले. गुलाबीच्या शेजारी केशरी ठेवलं की डोळ्यांना झणझणतं, मिरचीच्या ठेच्यासारखं. मला आवडलं. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "बाळ झोपेल का यावर?" झोपू नये म्हणूनच केलंय.

५ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

जोडायच्या आधी चौकोन भिजवून टॉवेलवर टाचण्यांनी ताणून वाळवायचे असतात, मग सगळे एका मापाचे होतात. मी आळशीपणाने नऊच्या नऊ एकाच बादलीत टाकले आणि चहा करायला गेले. परत येते तर पाणी कोकम सरबताच्या रंगाचं. लाल लोकरीने रंग सोडला होता आणि पांढऱ्याने तो सगळा पिऊन टाकला. गंमत म्हणजे ॲक्रिलिकचे सात ढिम्म, त्यांच्यावर एक डाग नाही. लोकरीचा रंग लोकरीलाच लागला. दोन्ही खऱ्या लोकरी मीच हट्टाने आणलेल्या.

खरं तर मला माहीत होतं. लाल, मरून, गडद निळा, हे रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघायचे हे मी दहा जणींना सांगितलं असेल. स्वतःच्या वेळेला चहा महत्त्वाचा.

पांढरा चौकोन आता फिकट गुलाबी, मधेच ढगासारखा गडद. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. तसाच ठेवावा असंही वाटलं, पण बाळ दुपट्याची कड तोंडात घालणार आणि रंग सुटणारी लोकर तिथे अजिबात नको. दोन्ही रद्द. पांढरं आणि लाल दोन्ही ॲक्रिलिकमध्ये परत. निळसर तर निळसर.

११ ऑक्टोबर

दोन्ही परत विणले, नवरात्र संपल्यामुळे डबा आता रंगीबेरंगी आणि मला ओळखणाऱ्या फक्त ग्रुपवाल्या. जोडणी क्रोशाने, राखाडी लोकरीने, उलट्या बाजूने मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका, घालत. आधी आडव्या रांगा, मग उभ्या. चार कोपरे जिथे भेटतात तिथे भोक पडतं, तिथे दोन टाके एकत्र घेतले. दुपटं ६० बाय ६०. कड बाकी, आईच्या शब्दाखातर.

रंग सुटलेल्या त्या दोघांचं काय करायचं ते नंतर बघू.

१५ ऑक्टोबर

टोपरं नंबर एक. दहा नंबरच्या सुया, ३.२५ मिलिमीटर, बारीक बेबी वूल, १० सेंटिमीटरला २८ टाके. जन्मताना बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर भरतं, तीन महिन्यांत ४० च्या आसपास जातं. ९६ टाके घातले, ते न ताणता ३४ होतात आणि ताणले की ४० ला बसतात.

डिझाईन दोन रंगी करायचं होतं, मोरपंखीवर पिवळे ठिपके, फेअर आयलसारखं. ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं एक छोटं बेट, तिथल्या बायकांची ही पद्धत, कितीही रंगीत दिसलं तरी एका ओळीत दोनच रंग, आणि न लागणारा रंग मागून सैल ओढत न्यायचा. पुढून सुंदर, उलटून बघितलं तर मागे धाग्यांच्या तारा लोंबतात. टोपऱ्यात चालतं, डोक्याला काही अडकत नाही, फक्त तारा आखूड ठेवल्या, तीन टाक्यांच्या वर नाही. पण हातमोज्यात किंवा पायमोज्यात हे करायचं नाही म्हणजे नाही. बाळाची बोटं त्या तारांत अडकतात, एखादा धागा किंवा केस बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. उगाच रडणाऱ्या बाळाचे डॉक्टर पायाची बोटं तपासतात ते याचसाठी. भेट म्हणून आलेले दोन रंगी पायमोजे मी आधी उलटे करून बघते, कौतुक त्यानंतर.

नाड्या पण नाहीत. हनुवटीखाली बांधायची नाडी दिसते गोड, पण गळ्याभोवती काही नको. कानावर येणारं टोपरं केलं, आपसूक बसतं. वर गोंडा लहान, घट्ट, दहा वेळा ओढून बघितलेला.

२५ ऑक्टोबर

भाऊबीज करून नाशिकला आले ताईकडे. भाची सोफ्यावर राणीसारखी. टोपरं तिच्या पोटावर ठेवून फोटो झाले.

आईने माळ्यावरून बाळंतिणीची शेगडी काढून घासून ठेवलीये. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या. बाळाला अंघोळीनंतर धुरी द्यायची म्हणते. भाचीचे डॉक्टर म्हणालेत धूर अजिबात नको, आईला ते मान्य नाही, घरात त्यावरून दोन दिवस थंड युद्ध चालू आहे. मी डॉक्टरांच्या बाजूने, पण हळू आवाजात.

माझं डोकं मात्र शेगडी बघून वेगळीकडेच गेलं. दुपारी सगळे झोपल्यावर मी ओट्यावर लोकरीचे तुकडे जाळत बसले. चिमट्यात धागा, खाली स्टीलची ताटली. ॲक्रिलिक पेटलं, आक्रसलं, टपकलं आणि काळा कडक मणी झाला, नखाने फुटेना. खरी लोकर नाखुशीने जळली, आच काढली की विझली, जळक्या केसांचा वास, आणि राख बोटांनी चुरली. सुती धागा कागदासारखा भुरकन गेला. ताई वासाने उठून आली, तिला वाटलं कोणाचे केस जळाले. मी तिच्यापुढे तो काळा मणी ठेवला. विस्तवाजवळ ॲक्रिलिक म्हणजे कातडीला चिकटणारं प्लास्टिक, बस्स.

आईला पण मणी दाखवला. ती चष्मा लावून बघत राहिली, दाबून बघितला. मग म्हणाली शेगडी बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवू, बाळाला नको. थंड युद्ध निम्मं संपलं, तेही एका जळक्या मण्याने!

त्यामुळे बदल: दुसरं टोपरं सुती धाग्याचं करणार.

३१ ऑक्टोबर

मोजे सुरू. आईचा जुना हिशोब, पाठ आहे. ३६ टाके, ५ सेंटिमीटर एक सुलट एक उलट (रिब), म्हणजे पाय आवळून धरतो आणि मोजा पडत नाही. मग मधल्या १२ टाक्यांवर २० सुया, ती पायाची वरची पट्टी. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा टाके उचलायचे, एकूण ५६ होतात, १० सुया विणायच्या, मग टाचेला आणि बोटांना कमी करत बंद करायचं आणि खालून शिवायचं. पहिल्यांदा करणारीला ५६ चा आकडा जमला की अर्धं काम झालं.

मोज्याचं सुख म्हणजे एका बैठकीत होतो. स्वेटरची पाठ संपता संपत नाही, मोजा रात्रीच्या जेवणानंतर सुरू केला तर झोपायच्या आधी बोटावर घालून नाचवता येतो. मी नाचवते. दोन बोटं आत घालून टेबलावर चालवते, नवरा बघत नसताना.

काल महिला क्रिकेट वर्ल्ड कपच्या सेमीफायनलच्या वेळी पहिला केशरी मोजा झाला. ऑस्ट्रेलियाचे ३३८, मला वाटलं गेलं सगळं, म्हणून निवांत विणत होते. जेमिमा शेवटपर्यंत उभी राहिली, नाबाद १२७, आणि माझा मोजा एकदम मऊ, सैल, छान झाला.

३ नोव्हेंबर

दुसरा केशरी मोजा काल फायनल बघताना. डी. वाय. पाटील स्टेडियम, पावसाने उशिरा सुरू, आपले २९८. शफालीच्या ८७ पर्यंत रिब झालं. मग दक्षिण आफ्रिकेची बॅटिंग, त्यांची कॅप्टन खेळतेय म्हणेपर्यंत मी पायाची पट्टी विणत होते आणि कधी दात-ओठ आवळले कळलं नाही. दीप्तीने पाच काढल्या, शेवटचा कॅच हरमनप्रीतने घेतला, ५२ धावांनी वर्ल्ड कप! खाली फटाके, मी मोजा हातात घेऊन बाल्कनीत.

आज सकाळी दोन्ही शेजारी ठेवले. फायनलवाला एक सेंटिमीटर लहान. टाके तेवढेच, सुया त्याच, लोकर तीच. हात आवळला गेला होता.

उसवायला घेतला आणि थांबले. नाही उसवणार. सेमीफायनलला जोडीदार वेगळा विणला, आणि फायनलचा एकटा मोजा डब्यात ठेवून दिलाय. बाळ मोठं झालं की सांगेन कधी विणला ते.

१६ नोव्हेंबर

बाकीचे दोन जोड झाले, एक पिवळा-राखाडी पट्ट्यांचा, एक लालभडक. आडवे पट्टे चालतात, त्यात मागे तारा येत नाहीत, ओळ संपली की रंग बदलायचा.

आज रद्द चौकोनांचा निकाल लावला. गुलाबी डागवाला नळकांड्यासारखा शिवला, एक तोंड दोऱ्याने आवळलं, आत कापूस, मधोमध चॉकलेटच्या अंड्यातली प्लास्टिकची डबी, त्यात दोन घुंगरं, डबीला चारी बाजूंनी टेप. दुसरं तोंड आवळलं. आधी तीन पाण्यांतून काढून रंग सुटायचा थांबलाय हे फडक्यावर बघितलं. चेंडू व्हायला हवा होता, झालं लांबट वांगं, गुलाबी. वर लाल चौकोनातून उसवलेल्या लोकरीचं देठ. खुळखुळा म्हणून उत्तम. उसवलेली लोकर कुरळी होते, इन्स्टंट नूडल्ससारखी, ती लडी करून भिजवून खाली पाण्याची बाटली अडकवून दोरीवर वाळवली तेव्हा सरळ झाली.

२९ नोव्हेंबर

काल मुलगी झाली! तारखेच्या दोन आठवडे आधीच. २ किलो ६००. दोघी ठीक.

ताईने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, मोरपंखी टोपरं नाकापर्यंत आलेलं, खाली फक्त एक हनुवटी. डोकं ३३ सेंटिमीटर. सगळे हसतायत, मी रडतेय आणि डोक्यात टाक्यांचा हिशोब चालू, ८० टाके म्हणजे २८ आणि थोडं, ताणून ३३ ला बरोबर.

रात्री बसून सुती टोपरं ८० टाक्यांचं केलं, दीड वाजला. केशरी. आज सकाळी नाशिकला जाणाऱ्या पुतण्याबरोबर दिलं.

ताई सांगत होती, डॉक्टरांनी टोपरं बाहेर नेताना घालायला सांगितलंय, घरात झोपवताना डोकं मोकळं ठेवायचं, आणि झोपलेल्या बाळावर सैल दुपटं पांघरायचं नाही, तोंडावर येतं. मला क्षणभर वाईट वाटलं, मी आणि माझे नऊ चौकोन. मग कळलं काय वाईट वाटायचंय त्यात. दुपटं खाली अंथरायचं, वर पालथं पाडायचं, मांडीवर घ्यायचं. बाळ जागं असताना वापरायचं दुपटं, आणि नवऱ्याने नाही का आधीच विचारलं होतं झोपेल का म्हणून.

आजपासून कड सुरू. राखाडी, क्रोशाचे खांब, पाच फेऱ्या.

९ डिसेंबर, बारसं

कड काल रात्री दोन वाजता संपली. दुपटं ७० बाय ७०. धुतलं, रंग सुटला नाही.

पाळण्याखाली अंथरलं तर ज्या बायका आल्या त्या प्रत्येकीने आपला रंग ओळखला, अगं हा तर मंगळवारचा. भाचीची आत्येसासू गुडघ्यावर बसून उलटी बाजू बघत होती, विणणारी बाई लगेच कळते, सुलट बाजू कोणीही बघतं. हिरव्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, इथे हात बदललाय. एकोणिसावी धार!

मी गोष्ट सांगितली. ती म्हणाली ती मुलगी पुढे विणते का? माहीत नाही मला. परीक्षा असाव्यात, महिनाभर दिसली नाही.

२० डिसेंबर

काळं झबलं सुरू. एरवी तान्ह्या बाळाला काळं घालत नाहीत, संक्रांत तेवढी अपवाद, पहिल्या संक्रांतीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. थंडीत काळं ऊब धरतं म्हणूनही असेल. निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्याच आहेत.

पण दीड महिन्याच्या बाळाच्या गळ्यात साखरेच्या काट्यांची माळ? चिकटणार, टोचणार, तोंडात जाणार. म्हणून मी हलवा विणतेय. काळ्यावर पांढरे गोळे, एका टाक्यात पाच टाके काढायचे, तेवढ्यांवरच मागे-पुढे विणायचं आणि परत पाचाचा एक. फुगीर दाणा उभा राहतो, थेट हलवा. गळ्याभोवती २१, दोन्ही मनगटांवर सात-सात. झबलं अंगरख्यासारखं, बाजूने बंद, बटण नाही.

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, रात्री काळी लोकर विणता येत नाही. टाके दिसतच नाहीत, मांडीवर पांढरा टॉवेल घेऊन ट्यूबखाली बसायचं, तरी चष्म्याचा नंबर आठवतो. दोन, ३५ गोळे म्हणजे ३५ वेगळे पांढरे तुकडे, प्रत्येकाची दोन टोकं. आतून ७० शेपट्या. झबलं उलटं केलं की साळिंदर!

४ जानेवारी २०२६

७० शेपट्या दोन रविवारांत आत ओवल्या. तरी बोटं अडकायची भीती जाईना, स्वतःच नियम सांगायचे आणि स्वतःच मोडायचे असं व्हायला नको. शेवटी आईची एक जुनी सुती साडी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली, ती आतून अस्तर लावली. आईला कळवलं तर म्हणाली, "बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात, तू उशिरा शिकलीस." घ्या!

१४ जानेवारी, संक्रांत

नाशिक. बोरन्हाण पुढच्या वर्षी, आत्ता तिच्या डोक्यावर बोरं टाकून काय करायचंय, यंदा नुसतं झबलं आणि तिळगूळ. केशरी टोपरंही बसत नाही आता, डोकं वाढलं, मोरपंखी बरोबर झालं.

दुपट्यावर ठेवली तिला. मला वाटलं होतं रंग बघेल, गुलाबी-केशरीचा ठेचा. तिने ढुंकून बघितलं नाही. स्वतःचं मनगट डोळ्यांपुढे आलं आणि त्या सात पांढऱ्या दाण्यांवर नजर खिळली. एवढ्या लहान बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं आणि काळ्या-पांढऱ्याचा फरक आधी दिसतो, हे मी वाचलेलं होतं, तरी चार महिने रंगांच्या मागे धावले. हात हलला की दाणे निघून जायचे, परत आले की परत भुवया वर. असं पाच-सहा वेळा. मग मनगट तोंडात.

वांगं भाचीच्या सासऱ्यांना फार आवडलंय, तेच खुळखुळवत बसलेले असतात.

उरलेली लोकर: राखाडी २० ग्रॅम, मोरपंखी १५, काळी ३५. ताई विचारतेय रथसप्तमी २५ ला आहे, तोवर काळं टोपरं होईल का. होईल, पण दिवसाउजेडी विणणार.